हॉटेलातला जानवसा

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आण्णांनी आधी आचारी बघितला नाही, पत्रिकाही छापायला टाकल्या नाहीत. ते सरळ कोल्हापूरबाहेरच्या त्या मोठ्या हॉटेलात गेले आणि आठ खोल्या सांगून आले.

हॉटेल म्हणजे पूर्वीच्या कुणा सरदाराचा बंगला. मुंबईच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर अर्धं पान आलं होतं. तिथले गालिचे, तिथली झुंबरं, तिथल्या नोकरांची अदब, सगळं त्यात होतं. आण्णांनी ते कात्रण कोर्टाच्या कागदांत जपून ठेवलं होतं. एकदा बाहेरून आलेल्या जज्जसाहेबांना तिथं जेवण दिलं होतं, त्याला वकिलांनाही बोलावणं होतं. आण्णा तेवढं एकदाच आत गेलेले. त्या जेवणात काय होतं हे ते आम्हाला कधी सांगू शकले नाहीत, पण चमचे फार जड होते असं ते म्हणत.

आण्णा दिवाणी कोर्टात वकील. अशिलं भरपूर होती, नाव चांगलं होतं. घर मात्र मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं, पुढं सोपा म्हणजे ओसरी. त्या सोप्यातच पुस्तकांचं कपाट, तिथंच अशिलं, तिथंच आमची शिवण. माझ्या लग्नात याची अडचण झाली नाही, कारण माझं सासर शाहूपुरीत, मैलभरावर. वऱ्हाड चालत आलं आणि जेवून चालत गेलं. धाकटीचं तसं नव्हतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घराणं नेसरीकडचं. शेती, गुऱ्हाळ, एकत्र कुटुंबाचं मोठं खटलं. आमच्यासारखेच लिंगायत, पण घरात निम्मी कानडी. मुलगी बघायला ते आले तेव्हा आण्णांनी तो कार्यक्रम ताराबाई पार्कातल्या आपल्या एका वकील मित्राच्या बंगल्यात ठेवला. आमच्या घरी रंगकाम काढलंय, असं सांगितलं. रंगकाम वगैरे काही नव्हतं. मी त्या दिवशी दुसऱ्याच्या कपबशीतून पाहुण्यांना चहा दिला आणि साखरेचा डबा कुठं असतो ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आता वऱ्हाड येणार म्हटल्यावर जानवसा कुठं द्यायचा हा प्रश्न आला. आई म्हणाली, "शेजारच्या चार घरांतनं खोल्या मिळतील. सगळी आपलीच माणसं."

आण्णा म्हणाले, "इंजिनिअर जावई आहे. त्याच्या माणसांना मी शेजाऱ्यांच्या खोल्यांत उतरवू?"

विषय संपला. मला आण्णांनी सांगितलं, "तू तिथं लक्ष ठेवायचं. बायकांना काय हवं-नको ते बघ. काही कमी पडता कामा नये."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हॉटेलच्या दारात जाऊन उभे राहिलो. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. ऊन रणरणत होतं. आण्णांनी कोर्टाचाच काळा कोट घातला होता. दारात हॉटेलचा दारवान होता. डोक्याला तुऱ्याचा केशरी फेटा, सोनेरी बटणांचा डगला, झुबकेदार मिशा. त्याच्या शेजारी आण्णा कारकुनासारखे दिसत होते.

तीनच्या सुमाराला गुळाचा ट्रक आला. त्यात सत्तावीस माणसं होती. मॅनेजरनं पोर्चमधल्या दोन परदेशी पाहुण्यांना घाईघाईनं आत नेलं. ट्रकच्या पुढच्या बाजूनं मुलाचे वडील उतरले. त्यांनी एकवार सगळीकडं नजर टाकली, सरळ दारवानापाशी आले आणि त्याला कडकडून मिठी मारली.

"शरणु शरणार्थी, पावणं! तुम्ही पोरीचं थोरलं चुलतं न्हवं?"

दारवान ताठ उभा होता तसाच उभा राहिला. त्याच्या हातात नारळ पडला होता, खांद्यावर टॉवेल आला होता. "न्हाय जी," तो म्हणाला, "मी दारवाला हाय. गडमुडशिंगीचा."

"असू दे, असू दे," मुलाचे वडील म्हणाले आणि मग आण्णांकडं वळले. दुसरा नारळ ट्रकातून काढायला थोडा वेळ लागला.

त्या घरात सत्ता चालायची ती मुलाच्या आत्याची. पन्नाशीची बाई, लवकर नवरा गेलेला, भावाचं सगळं खटलं तिनंच सांभाळलेलं. कपाळावर विभूती, हातात चांदीचे गोठ, आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा. मॅनेजर मुंबईत शिकलेला तरुण होता, गळ्यात टाय. तो वाकून तिला म्हणाला, "वेलकम, मॅडम." आत्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

चहा आला. एका तबकात किटली, एका भांड्यात दूध, एका वाटीत साखरेच्या वड्या, चिमटा, गाळणं, कप. आत्या बराच वेळ त्या तबकाकडं बघत बसली. मग मला म्हणाली, "अक्का, चहाचं सामान आलंय. चहा कवा येनार?"

मी चहा करून दिला. सत्तावीस कप. वड्या दोन टाकल्या तरी कुणाला गोड लागेना. गुळाच्या घरातली माणसं ती. शेवटी त्यांच्यातल्या एकानं पिशवीतून गूळ काढला.

खोल्या बघून कुणी काही बोललं नाही. मी वाट बघत होते. मी स्वतः पहिल्यांदाच आत आले होते आणि मला तर सगळंच बघत राहावंसं वाटत होतं. पलंग एवढे मऊ की बसलं की माणूस निम्मा दिसेनासा व्हायचा. भिंतीत बसवलेलं गार हवेचं यंत्र घरघरत होतं. आत्यानं त्यासमोर हात धरला, "कुनीतरी इसरून चालू ठेवलंय" असं म्हणाली आणि खिडक्या उघडल्या. न्हाणीघरात मोठा पांढरा टब होता. तो मात्र तिला पसंत पडला. "हौद बरा हाय," ती म्हणाली आणि उद्याच्या पंगतीसाठी गावाकडून आणलेली केळीची पानं त्यात उभी करून वरून पाणी सोडलं. पानं सुकणार नव्हती. अर्ध्या तासानं मॅनेजर काही विचारायला आला, त्यानं टब बघितला आणि काही न विचारता परत गेला.

सगळ्यात अडचण झाली ती पूजेची. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायची होती. जमिनीवर बसायचं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. मुलाचे चुलत आजोबा होते, त्यांना सगळे अज्जा म्हणत. त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर लोक पायतान घालून फिरत्यात की न्हाय?"

मी खरं ते सांगितलं. अज्जांनी धोतर वर खोचलं. मग ते न्हाणीघरात गेले, फरशी धुतली आणि टबाशेजारी, केळीच्या पानांच्या सावलीत पूजेला बसले. त्यांच्यामागं आणखी तिघं. मी दाराबाहेर उभी होते. आतून एक शब्द तक्रारीचा आला नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

जेवणघरात पांढऱ्या कापडाची मेजं होती. प्रत्येकाच्या पुढं हातरुमाल पंख्यासारखा घडी घालून ठेवलेला. तो कुणी उलगडला नाही. एवढ्या मेहनतीनं केलेलं मोडायचं कशाला? आण्णांनी मांसाहार नको हे आधीच बजावलं होतं, म्हणून हॉटेलनं खास बेत केला होता. आधी एक पातळ पदार्थ आला. मुलाच्या वडिलांनी तो संपवला आणि विचारलं, "आता ह्येची आमटी कवा येनार?" मग पांढऱ्या सॉसातल्या भाज्या आल्या. गाजर, घेवडा, फ्लॉवर, सगळं उकडलेलं, वर चीज. तिखट नाही, फोडणी नाही, लसूण नाही.

आत्यानं एक घास खाल्ला. चमचा ठेवला. मॅनेजर जवळच हात मागं बांधून उभा होता. तिनं त्याला अगदी काळजीनं विचारलं, "दादा, हितं कुनी आजारी हाय का?"

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. आण्णा पटकन म्हणाले, "हा खास पदार्थ आहे, बाई. साहेब लोक मुद्दाम मागवतात."

"व्हय?" आत्या म्हणाली. "मग खाऊ की." आणि तिनं ताट संपवलं. सगळ्यांनी संपवलं. सोयऱ्यांच्या घरी ताटात टाकायचं नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं दिसत होतं. आण्णा समाधानानं त्यांच्याकडं बघत होते. मी आत्याकडं बघत होते. ती औषध घेतल्यासारखी जेवत होती.

आम्ही घरी परतलो. वाटेत रिक्षात आण्णा म्हणाले, "बघितलंस? एक शब्द वावगा नाही. माणसं खूश आहेत."

दुसऱ्या दिवशी अक्षता साडेअकराच्या, मठाच्या कार्यालयात. सकाळी सहाला मी आणि आण्णा फुलांच्या माळा आणि नवरदेवाचा फेटा घेऊन हॉटेलवर गेलो. काउंटरवर आठ किल्ल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. मॅनेजर हात चोळत उभा होता.

"सर," तो म्हणाला, "आपले गेस्ट गेले."

"गेले म्हणजे?"

"रूम्स खाली केल्या, सर."

आम्ही वर धावलो. आठही खोल्या रिकाम्या. पलंगांवरच्या चादरींना सुरकुतीसुद्धा नव्हती. आण्णा खाली आले आणि दर्शनी दालनातल्या कोचावर बसले. तो कोच इतका मऊ होता की ते आत आत गेले. "मोडलं," ते एवढंच म्हणाले. "काय चुकलं आपलं?" मी हात धरून ओढलं तेव्हा त्यांना उठता आलं.

काउंटरवर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही उघडी होती. आधीची पानं इंग्रजीतल्या कौतुकानं भरलेली. शेवटी कानडीत एकच ओळ, मुलाच्या वडिलांची सही. मॅनेजरला कानडी येत नव्हती. रात्री त्यानंच आग्रहानं लिहून घेतलं होतं. आण्णांचं आजोळ निपाणीकडं, त्यांना वाचता येत होतं. त्यांनी चष्मा लावला. आण्णांनी ती ओळ दोनदा वाचली.

"काय लिहिलंय?"

"पाणी चांगलं आहे."

एवढंच लिहिलं होतं. त्यावरून लग्न मोडलं की राहिलं, काही समजत नव्हतं.

खरं काय झालं ते दारवानानं सांगितलं. रात्री जेवणं झाल्यावर पाहुणे आपापल्या खोल्यांत गेले, तिघं-चौघं एका दाराआड. आत्यानं प्रत्येक दार वाजवून विचारलं, सगळी ठीक आहेत का? अज्जा पाण्याला म्हणून बाहेर आले ते आपली खोली विसरले आणि परदेशी पाहुण्यांच्या दारावर थाप मारत राहिले. मग आत्यानं सगळ्यांना उठवून वळकट्यांसह खालच्या व्हरांड्यात आणलं. सगळे गोल करून बसले, पानसुपारी निघाली, बायकांनी लग्नाची गाणी धरली. मॅनेजरनं येऊन हात जोडले आणि बाकीचे गेस्ट झोपलेत म्हणून विनंती केली. कुणी त्याच्याशी भांडलं नाही. सगळे उठले, वळकट्या घेतल्या आणि ट्रकात जाऊन बसले.

"कुठं गेले?" आण्णांनी विचारलं.

"मार्केट यार्डात असत्याल, साहेब. गुळाची मान्सं दुसरीकडं कुटं जानार?" दारवान म्हणाला.

मार्केट यार्डात त्यांचा गूळ विकणाऱ्या अडत्याचं गोडाऊन होतं. गूळ घेऊन आले की ते वर्षानुवर्षं तिथंच उतरत. आम्ही पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. फरशी झाडून सडा टाकलेला. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती, पिठलं रटरटत होतं, हिरव्या मिरचीचा ठेचा दगडावर वाटला जात होता. अज्जांची पूजा होऊन कपाळावर विभूती होती. नवरदेव ट्रकच्या आरशात बघून दाढी करत होता. आम्हाला बघून तो अर्ध्या दाढीनं वाकून नमस्कार करायला आला. लग्न मोडलेला माणूस असा वाकत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. आण्णांच्या ध्यानात आलं नाही.

ते दारातच उभे राहिले. कोर्टात शेवटचं भाषण करताना राहतात तसे. आवाज मात्र कोर्टातला नव्हता. "माझं काय चुकलं ते सांगा," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगा."

मुलाचे वडील घाबरून उठले. "चुकलं? पावणं, आमचंच चुकलं. तुमास्नी सांगून निघायला पायजे हुतं—"

"तू थांब," आत्या भावाला म्हणाली. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले. "बसा वकीलसायेब."

"बसायला आलो नाही. मी पेपरात नाव आलेलं हॉटेल बघितलं. तुम्हाला काही कमी पडू नये म्हणून बघितलं."

"हाटेलाला आमी नाव ठेवत न्हाई," आत्या म्हणाली. "पर लगनाला आलोय का कोर्टात साक्षीला, हेच कळंना. सगळ्यास्नी येगयेगळं कोंडून घातलं. अज्जाला रातच्याला उचकी लागली तर हाक कुनाला मारायची? त्या टायवाल्याला?"

तिनं तव्यावर दुसरी भाकरी टाकली.

"आनि दुसरं सांगू? तुमी पोरगी देताय. आमी तुमचं दार बघितलं न्हाई. पोरगी बघितली ती दुसऱ्याच्या बंगल्यात. उतरलो ते दुसऱ्याच्या हाटेलात. उद्या सून रुसून म्हायेरी गेली तर आणायला कुठं जायचं आमी?"

मला हसू आलं. आण्णांनी कोटाचं बटण काढलं, परत लावलं. मग ते पोत्यावर बसले. "घर दोन खोल्यांचं आहे," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कुणाही परक्यासमोर पहिल्यांदाच ऐकलं. "रंगकाम काढलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"ते ठावं हाय की," आत्या म्हणाली. "आमच्या अडत्याची केस तुमीच चालवली. सोप्यात पुस्तकांचं कपाट हाय, एका दाराला काच न्हाई, ते सुदीक सांगितलं त्यानं. म्हनून तर सोयरीक केली. एवडी केस जिंकून दोन खोल्यांत ऱ्हानारा वकील म्हंजे मानूस खोटा नसनार."

आत्यानं आण्णांच्या हातात भाकरी दिली, वर पिठलं आणि ठेचा. काळ्या कोटात, पोत्यावर बसून, ते भाकरी खात होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ठेचा झणझणीत होता, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

"आता चला," खाऊन झाल्यावर ते म्हणाले. "घरी चला. सगळे."

आठ वाजता गुळाचा ट्रक मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. बोळात तो शिरत नव्हता. सत्तावीस माणसं वळकट्या डोक्यावर घेऊन चालत आली. आईनं दारात बघितलं आणि आत वळून फक्त म्हणाली, "चुलीवर मोठं पातेलं चढवा." शेजारच्या चार घरांनी न सांगता दारं उघडली. पुरुष एका घरी, आंघोळी दुसऱ्या घरी, बायका आमच्या दोन खोल्यांत. धाकटी अंगाला हळद लावून कोपऱ्यात बसली होती, तिला उठून जायलासुद्धा जागा नव्हती. सासरची माणसं तिच्यावरून पाय टाकून इकडून तिकडं जात होती. आत्या कपाटासमोर उभी राहिली, काच नसलेल्या दारातून आत हात घातला, एक जाडं पुस्तक काढून वजन बघितलं आणि परत ठेवलं.

नऊच्या सुमाराला बोळात सायकल आली. हॉटेलचा दारवान. फेटा नाही, डगला नाही, साध्या सदऱ्यात. पहिल्यांदा मी ओळखलाच नाही. कॅरिअरला केळीच्या पानांचा भारा बांधलेला. घाईत ती टबातच राहिली होती. "मॅनेजर फेकून द्या म्हनत हुता," तो म्हणाला. मुलाच्या वडिलांनी त्याला पुन्हा मिठी मारली आणि यावेळी तो ताठ उभा राहिला नाही. पंगतीत तो मुलाकडच्या माणसांत बसला. आमच्याकडच्या दोघांनी मला विचारलं, ते मुलाचे कोण? मी म्हटलं, थोरले चुलते.

अक्षता साडेअकरालाच पडल्या. एवढ्या गडबडीत कुणाला उशीर करायला वेळच मिळाला नाही.

त्या हॉटेलबद्दल आण्णा पुन्हा काही बोलले नाहीत. पेपरात नंतरही त्याच्याबद्दल छापून यायचं, परदेशी पाहुणे यायचे, आणि ते नक्कीच चांगलं असणार. मला अजूनही त्या झुंबरांची आठवण येते. पण आत्या दरवर्षी डोळे दाखवायला कोल्हापूरला यायची ती आमच्याच सोप्यात उतरायची, आठ-आठ दिवस. आणि आमच्या घरात तिला एकही गोष्ट पसंत पडली नाही. मोरीचा उतार उलट्या बाजूला आहे. शेजारचा रेडिओ फार मोठा लावतात. आई डाळ पातळ करते. आण्णा रात्री पुस्तकाची पानं जोरात उलटतात. हे सगळं ती मोठ्यानं, दारात उभी राहून, बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

आई वैतागायची. "एवढ्या मोठ्या हॉटेलला नाव ठेवलं नाही आणि आमच्या मोरीला ठेवतात," ती एकदा आण्णांना म्हणाली.

आण्णा वाचत होते. त्यांनी पान अगदी हळू उलटलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्याआधी ते गवंड्याच्या घरी गेले आणि मोरीचा उतार बदलून द्यायला सांगून आले.